रुपेरी पडद्यावरील वेडा शास्त्रज्ञ

वसंतातील व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांना जागा मिळते. तरीही हॉलिवूडच्या एका स्वस्तातल्या भयपटावर कोणी बोलू लागला, तर श्रोत्यांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल. ज्या चित्रपटाला त्याच्या काळच्या समीक्षकांनी फारसे मोजले नाही, त्याच्यासाठी आपण एक संध्याकाळ का खर्चावी, ही शंका रास्त आहे. तिला माझे उत्तर एवढेच, की थोर कलाकृतीत समाजाचे विचार दिसतात आणि हलक्या करमणुकीत समाजाची भीती दिसते. लोकांना कशाची धास्ती वाटते याचा शोध घ्यायचा असेल, तर चार आण्यांच्या तिकिटाच्या खेळाकडे पाहावे. विसाव्या शतकाच्या मध्यास साऱ्या जगाला विज्ञानाची धास्ती वाटत होती, आणि तिने पडद्यावर एक रूप घेतले. ते रूप म्हणजे वेडा शास्त्रज्ञ.

हे पात्र आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेले आहे. गावाबाहेर एक जुना वाडा असतो. त्याच्या तळघरात काचेच्या नळ्या, उकळते द्रव आणि ठिणग्या उडवणारी यंत्रे असतात. पांढरा डगला घातलेला एक विद्वान तेथे रात्रीचा दिवस करून काम करतो. जगाने त्याचा उपहास केलेला असतो आणि त्याला जगाला काही दाखवून द्यायचे असते. हा साचा इतका लोकप्रिय का झाला, याचे पहिले कारण अगदी व्यवहारी आहे : तो स्वस्त पडत असे.

त्या काळी अमेरिकेतील चित्रपटगृहांत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत होती. पहिला मोठ्या नटनट्यांचा आणि मोठ्या खर्चाचा असे. दुसरा तासा-सव्वा तासाचा, थोड्या दिवसांत आणि थोड्या पैशांत उरकलेला असे. पहिल्या चित्रपटाचे भाडे उत्पन्नाच्या हिश्शाने ठरे, दुसऱ्याचे बहुधा ठोक ठरे. तो कितीही चालला तरी निर्मात्याच्या हाती अधिक पडत नसे. म्हणून खर्च कमी ठेवणे हाच नफ्याचा मार्ग होता. वेडा शास्त्रज्ञ या हिशेबात चपखल बसे. त्याला राजवाडा नको, सैन्य नको, समुद्र नको. एक खोली, थोडा धूर आणि एक चांगला नट असला की काम भागे. प्रकाश कमी ठेवला म्हणजे कृष्णधवल चित्रणात पुठ्ठ्याची भिंतसुद्धा दगडाची वाटते. 1931 सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी केनेथ स्ट्रिकफाडेन नावाच्या कारागिराने ठिणग्या उडवणारी जी विजेची यंत्रे बनवली, ती पुढे अनेक चित्रपटांतून झळकली. 1974 साली त्याच कथेचे विडंबन निघाले तेव्हाही तीच यंत्रे पुन्हा बाहेर काढण्यात आली.

या जातीच्या चित्रपटांतून मी एकच नमुना निवडतो. कोलंबिया कंपनीचा हा चित्रपट 1939 साली निघाला. त्याच्या नावाचा अर्थ ‘ज्याला फाशी देता आली नाही असा माणूस’ असा होतो. दिग्दर्शक निक ग्रिंड, लांबी तासाहून किंचित अधिक, आणि प्रमुख भूमिकेत बोरिस कार्लॉफ.

कथा अशी आहे. डॉक्टर सव्हार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने एक यांत्रिक हृदय तयार केले आहे. त्याचे म्हणणे असे, की चालत्या यंत्राची दुरुस्ती कोणी करत नाही. मग चालत्या शरीरावरच शस्त्रक्रिया का करावी? शरीर काही काळ थांबवावे, बिघाड दुरुस्त करावा आणि यांत्रिक हृदयाने रक्त फिरवून ते पुन्हा सुरू करावे. प्रयोगासाठी त्याचा एक तरुण विद्यार्थी आपण होऊन पुढे येतो. डॉक्टर त्याला मृतावस्थेत नेतात. परंतु त्या तरुणावर प्रेम करणारी परिचारिका घाबरून पोलिसांना बोलावते. पोलीस येतात ते नेमके मधल्या वेळी, म्हणजे जीव घेऊन झाला आहे आणि परत द्यायचा राहिला आहे अशा वेळी. डॉक्टर विनवणी करतात, पण त्यांना पुढचे काम करू देत नाहीत. तरुण मेलेला तो मेलेलाच राहतो. डॉक्टरांवर खुनाचा खटला चालतो, ज्यूरी त्यांना दोषी ठरवते आणि त्यांना फाशी होते. त्यानंतर त्यांचा सहकारी प्रेत ताब्यात घेतो आणि त्याच यंत्राने त्यांना उठवतो.

येथपर्यंतचा सव्हार्ड सात्त्विक आहे. जो परत येतो तो सूडाने पेटलेला असतो. ज्यूरीतील माणसे एकामागून एक गळफास लागलेली सापडू लागतात. उरलेल्यांना आणि न्यायाधीशांना तो फसवून एका घरात कोंडतो आणि ठरावीक वेळाने एकेकाचा बळी घेऊ लागतो. शेवटी त्याची मुलगी तेथे पोचते. बापाला थांबवण्यासाठी ती विजेचा प्रवाह सोडलेल्या दाराच्या गजांना हात लावते आणि कोसळते. गोळी लागून मरणाच्या दारी असलेला बाप यांत्रिक हृदयाने मुलीला जिवंत करतो आणि ते यंत्र स्वतःच्या हाताने नष्ट करून प्राण सोडतो.

हा डॉक्टर रंगवणाऱ्या नटाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण त्याच्या कुळाचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. बोरिस कार्लॉफ हे त्याने घेतलेले नाव. मूळचा तो विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, 1887 सालचा. त्याच्या आईची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवणारी अ‍ॅना लिओनोवेन्स, जिच्यावर पुढे ‘द किंग अँड आय’ हा प्रसिद्ध चित्रपट निघाला. आपला जन्म वेल्समधला, असे ही बाई जन्मभर सांगत राहिली. प्रत्यक्षात ती 1831 साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास जन्मली होती, आणि 1849 साली तिचे लग्न पुण्यात लागले होते. तिची सख्खी बहीण ही कार्लॉफची आजी. मुंबई इलाख्याच्या लष्करातील साध्या घरातले हे लोक. त्यांत हिंदी रक्ताचाही अंश होता. कार्लॉफचे वडील हिंदुस्थानातील मिठाच्या महसूल खात्यात नोकरीला होते आणि त्यांच्याकडूनही हिंदी वारसा होता असे चरित्रकार सांगतात. त्याचा सावळा वर्ण त्यातलाच. कॅनडा-अमेरिकेत मोलमजुरी करून, ट्रक हाकून, लहानसहान भूमिका करून चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षसाच्या भूमिकेने त्याला एकाएकी कीर्ती मिळाली. नटांची संघटना उभारणाऱ्या पहिल्या मंडळींत तो होता. कष्टाने वर आलेल्या या माणसाने वेड्या शास्त्रज्ञाला जी व्यथा दिली, तिच्यामुळे सव्हार्ड केवळ बुजगावणे राहत नाही. त्याच्याविषयी आपल्याला वाईट वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सव्हार्डचा शोध ही निव्वळ कपोलकल्पना होती काय? मुळीच नाही. लेखकांनी तो वर्तमानपत्रांतून उचलला होता. 1934 साली कॅलिफोर्नियातील रॉबर्ट कॉर्निश या शास्त्रज्ञाने कुत्र्यांना वायूने मारून, फळीवर वरखाली झुलवून आणि औषधे टोचून पुन्हा जिवंत करण्याचे प्रयोग केले. काही कुत्री उठली, पण ती धड बरी झाली नाहीत. या कॉर्निशने पुढे एका चित्रपटात स्वतःची भूमिकाही केली. 1935 साली अ‍ॅलेक्सिस कॅरेल हा शस्त्रवैद्य आणि एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग या दोघांनी मिळून काचेचा एक पंप बनवला. शरीराबाहेर काढलेले अवयव त्यावर काही काळ जिवंत राहत. रशियातही रक्त फिरवणाऱ्या यंत्रावर काम चालू होते. तात्पर्य, 1939 सालच्या प्रेक्षकाला यांत्रिक हृदय ही उद्याची बातमी वाटत होती.

आणि ती बातमी आलीही. कार्लॉफच्या 1940 सालच्या दुसऱ्या एका चित्रपटातला डॉक्टर माणसाला गारठवून रोग बरा करू पाहतो. 1952 साली अमेरिकेत रुग्णाचे शरीर थंड करून उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसे यांचे काम यंत्राकडे सोपवून एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र शिवले. सव्हार्डचा सिद्धांत शब्दशः खरा ठरला : यंत्र थांबवले, दुरुस्त केले, पुन्हा चालू केले. 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाऊनमध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, 16 फेब्रुवारी 1968 रोजी, मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण सुमारे तीन तास जगला.

पडद्यावरच्या डॉक्टरला जे करण्याबद्दल फाशी झाली, त्याच्या फार जवळ जाणारे काम करणाऱ्या सेनांना आपण वेडे म्हणत नाही. भारतातील हृदयशस्त्रक्रियेचे एक आद्य पुरुष म्हणतो. मग सव्हार्डचा अपराध तरी कोणता? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या घरच्या दोन कथा उपयोगी पडतात.

पहिली पंचतंत्रातली. चार ब्राह्मण रानातून जात असता त्यांना सिंहाची हाडे सापडतात. एक हाडे जुळवतो, दुसरा मांस आणि कातडे चढवतो, तिसरा प्राण फुंकायला निघतो. चौथा शिकलेला नाही. तो म्हणतो, थांबा, मला आधी झाडावर चढू द्या. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तिघांची विद्या खोटी नव्हती. जिवंत झालेला सिंह काय करील, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि ज्याने विचारला त्याला हसण्यावारी नेले.

दुसरी कथा कच आणि शुक्राचार्यांची. मराठी नाट्यरसिकांना ती खाडिलकरांच्या 1913 सालच्या ‘विद्याहरणा’मुळे अधिक परिचयाची. शुक्राचार्यांना मेलेल्यास उठवणारी संजीवनी विद्या अवगत होती आणि ती त्यांनी कोणालाही दिली नव्हती. परंतु कच पोटात गेला, आणि तो बाहेर आला तर गुरूचे पोट फाटणार, असा पेच पडला. तेव्हा त्यांना ती विद्या शिष्याला शिकवावी लागली, आणि त्या शिष्याने उठवले म्हणून ते वाचले. सव्हार्डही सहकाऱ्याला यंत्र चालवता येत होते म्हणूनच फासावरून परत आला. पण त्या दोघांखेरीज ती विद्या बाहेर कोणाला ठाऊक नव्हती, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. दारावर आलेल्या पोलिसांना आणि त्यांच्या वैद्याला समोर काय चालले आहे हे समजण्याचा मार्गच नव्हता. चोरून केलेल्या कामाची साक्ष कोण देणार?

कोणी म्हणेल, त्या तरुणाने तर संमती दिली होती. दिली होती खरी. पण शिष्याने गुरूला दिलेली संमती कितपत मोकळी असते? शिवाय परिणामाची खात्री गुरूलाच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर केलेले अघोर प्रयोग उघडकीस आले आणि 1947 साली न्यूरेंबर्ग येथील न्यायालयाने माणसावरील प्रयोगांचे दहा नियम सांगितले. संमती हा त्यांतला पहिला नियम आहे, पण एकमेव नव्हे. आधी प्राण्यांवर अभ्यास झालेला असावा, मृत्यूची शक्यता दिसत असेल तर प्रयोग करू नये, वाटेत केव्हाही थांबता यावे, हेही त्यांत आहे. त्याच 1947 साली आपल्या त्या कॉर्निशने देहदंड झालेल्या एका कैद्यावर पुनरुज्जीवनाचा प्रयोग करू देण्याची मागणी केली. ती नाकारण्यात आली. चित्रपटातली गोष्ट प्रत्यक्षात उतरायची ती अशी थोडक्यात राहिली.

या सर्वांतून तीन साधे प्रश्न निघतात. प्रयोग कोणावर होतो आहे? त्याला ते नीट सांगितले आहे काय? आणि बिघडले तर उत्तर कोण देणार? मुंबईच्या शस्त्रक्रियेला हे प्रश्न लावून पाहा. सेन, पारुळकर, किणारे आदी मंडळींनी कुत्र्यांवर केलेल्या शंभर हृदयारोपणांचा वृत्तान्त 1965 सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. म्हणजे यश आणि अपयश दोन्ही इतर वैद्यांपुढे ठेवलेले होते. काम सार्वजनिक रुग्णालयात, सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत झाले. रुग्ण वाचला नाही, आणि ते लपवले गेले नाही. हृदय अजून धडधडत असता दात्याला मृत कसे म्हणायचे, यावर त्या काळी जगभर वाद झाला. तो वाद होणे आवश्यकच होते. त्यातूनच मेंदूच्या मृत्यूची व्याख्या पक्की होत गेली आणि 1994 साली भारतात अवयवारोपणाचा कायदा झाला. आता दात्याचा मेंदू मृत झाल्याचे चार वैद्यांच्या मंडळाला निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून सांगावे लागते आणि नातलगांची संमती लागते. त्याच वर्षी दिल्लीत डॉक्टर वेणुगोपाल यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले.

चित्रपटात यातले काही नाही, आणि याचेही कारण आहे. 1934 पासून हॉलिवूडमध्ये नीतिनियमांची संहिता कडकपणे लागू होती. खुन्याला शिक्षा झाल्यावाचून चित्रपट संपू शकत नसे. म्हणून सव्हार्डला मरणे भाग होते. त्याच्याबरोबर यंत्रही मोडले की प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जात. दोष एका डोक्यात होता, ते डोके गेले, संकट टळले. हे समाधान मला फसवे वाटते. वेडा शास्त्रज्ञ हा आपल्या भीतीचा फार सोयीचा पुतळा आहे; तो जाळला की होळी झाली असे वाटते. विज्ञानाने होणारी खरी हानी मात्र बहुधा कोणा वेड्याच्या हातून होत नाही.

याचा दाखला शोधायला यवतमाळकरांना दूर जावे लागत नाही. 2017 सालच्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना इस्पितळात भरती व्हावे लागले. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास कोंडणे, अशी लक्षणे घेऊन माणसे येत होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने आपण होऊन दखल घेतली, राज्य शासनाने विशेष पथकाकडून चौकशी करवली.

त्या वर्षी काय घडले ते पाहा. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता फवारणाऱ्याच्या तोंडावर आणि छातीवर येत होता. पंप अधिक जोराचे होते आणि थेंब बारीक होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची चाल पडली होती. उकाड्यात अंगावर सुती सदरा, हाताला मोजे नाहीत, तोंडाला फार तर रुमाल. यांतील काही औषधे मज्जातंतूंचा निरोप थांबवणारी यंत्रणाच बंद पाडतात. मग स्नायूंना आणि ग्रंथींना मिळालेला हुकूम थांबतच नाही आणि शेवटी श्वास अडतो. हे रसायनशास्त्राला ठाऊक होते, कंपनीला ठाऊक होते, डब्यावरही बारीक अक्षरांत छापलेले होते. फवारणाऱ्या मजुराला मात्र ते कोणी बसवून सांगितले नव्हते.

येथे तळघर नव्हते, काचेच्या नळ्या नव्हत्या, सूडाने पेटलेला कोणी डॉक्टर नव्हता. ज्याने रेणू शोधला तो आपल्या कामात चोख असेल, ज्याने विकला त्याच्याकडे परवाना असेल, ज्याने मजूर लावला तो स्वतःच कर्जात बुडालेला असेल. प्रत्येकाने आपापले हाड जुळवले आणि सिंह उठून बसला. आपले तीन प्रश्न येथे लावले तर उत्तरे अशी येतात : प्रयोग मजुरावर झाला, त्याला सांगितले गेले नाही, आणि उत्तर कोणी द्यायचे हे एकमेकांकडे बोट दाखवण्यात राहून गेले. सव्हार्डच्या विद्यार्थ्याला निदान आपण कशावर निजतो आहोत हे ठाऊक होते.

यावरून कोणी विज्ञानच नको असा निष्कर्ष काढील तर तो चुकीचा होईल. सव्हार्डने यंत्र मोडले हा चित्रपटाचा सर्वांत दुःखद भाग मला वाटतो. ते यंत्र राहिले असते तर किती माणसे वाचली असती! जगात ते मोडले गेले नाही म्हणूनच आज हृदयातील छिद्र शिवता येते. कीटकनाशकांसाठीही आपल्याकडे 1968 सालापासून कायदा आहे. डब्यावर चौकटीत रंगाची खूण असते : लाल रंग सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ही खूण अक्षरओळख नसलेल्यालाही समजू शकते, पण ती आधी कोणीतरी दाखवायला हवी. ते काम शाळामास्तर करू शकतो, कृषिसेवक करू शकतो, औषध विकणारा दुकानदार करू शकतो, आणि व्याख्यान ऐकून घरी जाणारा श्रोताही करू शकतो. पुढच्या पावसाळ्यात शेतावर पंप पाठीला बांधण्याआधी डब्यावरची ती चौकट निदान एका माणसाला दाखवली, तर एका विसरलेल्या भयपटावर खर्ची घातलेली ही संध्याकाळ वाया गेली असे मी मानणार नाही.